‘मोबाइल आहे, मग बाकी ओझे कशाला?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

डोंगरभटकंतीच्या गटांमधून एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. एका दिवसाच्या ट्रेकला मोबाइल आणि पाण्याची बाटली पुरेशी असते. विजेरी, नकाशा व मदतीची सोय मोबाइलमध्येच असते. हवामान आदल्या रात्री पाहता येते. प्रथमोपचाराची पेटी गटात कोणाकडे तरी असतेच. बाकीचे सामान म्हणजे दुकानदारांनी गळ्यात मारलेले ओझे, असा त्याचा आशय आहे. त्यातील ओझ्याची तक्रार खरी आहे, कारण दमलेल्या माणसाचा पाय उतारावर चुकतो आणि अनावश्यक सामानही माणसाला दमवतेच. मात्र सुरक्षेचे सामान हे ठरलेला बेत बिघडल्यानंतरच्या काही तासांसाठी घ्यायचे असते, आणि नेमक्या त्या तासांचा विचार या संदेशात कोठेही नाही.

नकाशाच्या मुद्द्यावर संदेशाचे टीकाकारही चुकतात. रेंज गेली की जीपीएस बंद पडते, हे खरे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फोन त्यांचे संकेत केवळ ग्रहण करतो. त्यासाठी मोबाइलचा टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशा उतरवून घेण्यासाठी. तो आधीच साठवलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवर एक निळा ठिपका तेवढा दिसत राहतो. शिवाय रेंज शोधत राहणाऱ्या फोनची बॅटरी लवकर उतरते आणि थंडीत ती आणखी कमी टिकते. खरी अडचण अशी की नकाशा, विजेरी आणि संपर्क ही तिन्ही साधने एकाच बॅटरीवर असल्यामुळे ती एकदमच हातची जातात. कागदी नकाशा, होकायंत्र आणि पॉवरबँक घ्यायची ती यासाठी.

‘अंधार पडण्यापूर्वी परत येणार आहोत, मग विजेरी कशाला?’ या युक्तिवादाला जुना आडाखा उत्तर देतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार साधारण पाच किलोमीटर चालीला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. म्हणजे ९०० मीटर चढाईची १२ किलोमीटरची वाट न थांबता, धडधाकट माणसांनाही जवळजवळ चार तास घेते. गटातील एकाचा घोटा मुरगळला की हे गणित कोलमडते आणि शेवटचा उतार अंधारात येतो. त्या वेळी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने खडकाची खाच चाचपडणे, किंवा मोबाइल दातांत धरून क्रेप बँडेज बांधणे, ज्यांनी केले आहे त्यांना हेडटॉर्चचे, म्हणजे डोक्याला बांधायच्या विजेरीचे, महत्त्व सांगावे लागत नाही.

हवामानाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ॲपमधला अंदाज बहुधा पायथ्याच्या गावाचा असतो. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते आणि माथ्यावरचा वारा वेगळाच असतो. चालताना अंग तापलेले असल्याने हे जाणवत नाही. पाय दुखावून माणूस खाली बसला, की घामाने भिजलेला सुती शर्ट पाठीला चिकटतो आणि थंडी शिरू लागते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, पाऊस आणि वारा पुरतात. म्हणून एक कोरडा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वारा व पाणी अडवणारे जाकीट आणि चकचकीत आपत्कालीन पांघरूण सॅकमध्ये असावे. हे पांघरूण वारा अडवते आणि अंगाची ऊब परतवते, पण जमिनीत जाणारी उष्णता थांबवत नाही. जखमी माणसाला आधी रिकाम्या केलेल्या सॅकवर बसवावे.

प्रथमोपचाराबाबत थोडक्यात एवढेच, की ‘कोणाकडे तरी असेल’ असे सर्वांनी गृहीत धरले की ती पेटी कोणाकडेच नसते. सर्पदंशासाठी ब्लेड आणि आवळायची दोरी मात्र मुळीच घेऊ नये. जखम कापणे, चोखणे किंवा वर आवळपट्टी बांधणे अपायकारक आहे. दंश झालेला अवयव न हलवता माणसाला रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे.

राहिली मदत. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आणीबाणीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो, पण कोणतेच जाळे नसलेल्या घळीत तोही निरुपयोगी ठरतो. ओरडून घसा बसतो. शिट्टी मात्र थकलेल्या माणसालाही वाजवता येते. आल्प्सच्या परंपरेतील आंतरराष्ट्रीय संकेतानुसार एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे असते. वाट आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवण्याला तर वजनच नाही.

दुकानदारांवरचा आरोपही टिकत नाही. आवश्यक वस्तूंची प्रसिद्ध दहाकलमी यादी १९३० च्या दशकात सिएटलच्या ‘द माउंटेनियर्स’ या गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणातून आली. हेडटॉर्च, शिट्टी, पांघरूण, बँडेज आणि हलके जाकीट मिळून साधारण किलोभर वजन होते. तेवढे कमी करायचेच असेल, तर ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा.