ती कसर नव्हती

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जेवणाच्या टेबलावर निळ्या चौकटीच्या कापडाचे दोन तुकडे पडलेत आणि तो एकच तुकडा असायला हवा होता. एकच! ड्रेसचा पुढचा भाग, अख्खा, बिनजोड. आता मधोमध उभा चिरलाय आणि मधल्या कडेला शिवणीसाठी सोडलेली माया किती, तर शून्य. सूतभरसुद्धा नाही.

कारण? तीन भोकं.

१९५० च्या आसपासचा अमेरिकन पॅटर्न, म्हणजे पाकिटातून येणारा कापड बेतायचा कागद, ज्यांनी आयुष्यात एकदा तरी टेबलावर पसरलाय, त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. त्या पातळ कागदावर अक्षर नाही, रेघ नाही, बाण नाही. नुसती भोकं. बारीक भोकं म्हणजे टक्स. मोठी दोन लांब लांब असली की ती कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा. आणि कडेला मोठी तीन ओळीत असली की ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची, म्हणजे उलगडल्यावर अख्खा तुकडा निघतो. निदान माझ्या पाकिटात तरी असं आहे, कारण दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात भोकांची भाषा वेगळी, म्हणजे आधी शिकलेलं सगळं पाण्यात. हे सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं म्हणे. माझ्या माहितीपत्रकाचा नेमका तोच कोपरा गेल्या सत्तर वर्षांत कुणीतरी फाडून त्यावर वाणसामानाची यादी केली असावी.

मी काय केलं, तर तो जीर्ण कागद खाकी कागदावर उतरवून घेतला. एकेक भोक पेन्सिलीने. ही तीन सोडून. का? मला वाटलं, कसर लागलीये.

बरं, वाटणारच ना! त्या कागदाला खरोखरच कसर लागलेली आहे. बाहीवर चार भोकं आहेत, ती कसरीची. गळ्याच्या पट्टीवर एक आहे, ते कसरीचं. आणि बरोब्बर मधल्या कडेची तीन तेवढी कंपनीची! कागदात भोकं पाडून खुणा करायच्या आणि तो कागद किडे खातात हे विसरायचं, ही कुणाची अक्कल? छापणं जमत नव्हतं अशातलाही भाग नाही. छापील पॅटर्न १९२० च्या दशकातच निघाले होते. एका कंपनीने पेटंट घेऊन ठेवलं, बाकीच्या भोकं पाडत राहिल्या. पेटंट संपलं तरी भोकं संपेनात.

त्यात मी पडले हुशार. पाकिटावरची मांडणी ३५ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडाची, माझं कापड ४४ चं. म्हटलं, तुकडा किनारीकडे सरकवला तर केवढं कापड वाचेल! दुहेरी कापडावर ठेवला, चौकटीला चौकट जुळवली (पाऊण तास), टाचण्या लावल्या आणि खर्रकन कापला. उचलला तर दोन तुकडे. पाच मिनिटं मी तिसरा शोधत होते.

पुन्हा कापायचं म्हणाल, तर चार मीटरपैकी सगळं कापड घेराने आधीच गिळलंय. त्या घेरात आमच्या सोसायटीचा मांडव निघेल. आणि पुण्यात लक्ष्मी रोडवर ताग्याचा शेवट होता तो. दुकानदार म्हणालाच होता, ताई, हे परत यायचं नाही.

आता विषय निघालाच आहे तर मापांचंही होऊन जाऊ दे. पाकिटावर ठसठशीत १४ नंबर. १९५० च्या सुमाराला १४ म्हणजे छाती ३२ इंच. साठच्या दशकाच्या शेवटी मापं बदलली, तर त्याच १४ ला छाती ३६. म्हणजे नंबर तोच ठेवून आतली बाई बदलली! आणि पाकिटं विकणारे वरती फक्त "साइझ १४, विंटेज" एवढंच लिहितात. विंटेज म्हणे. आमच्या आत्याच्या ट्रंकेत असलं की जुनेर, यांनी फोटो काढला की विंटेज. पाकिटात एकच माप, आताच्यासारख्या पाच मापांच्या पाच रेघा नाहीत, की आपली बघा आणि कापा. कंबर सव्वीस आणि थोडी. माझी कंबर सव्वीस होती तेव्हा मी सातवीत होते. मग खाकी कागद चिरा, मधे पट्ट्या चिकटवा, काखेत वाढवा, तिथे वाढवलं की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, बिघडतो, मुंढा सुधारला की बाही बसत नाही. तीन रविवार गेलेत यात. तीन.

मागच्या वेळी तर याच्या उलटं. आपल्याकडे शिवणाच्या क्लासात काय शिकवतात? कटिंग मापाचं, माया वेगळी सोडायची. मी इमानदारीने सगळीकडून माया सोडली. या लोकांनी ती आतच धरलेली! अंगात घातला तर नवरा म्हणाला, "कुणाचा आहे?"

नवऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगते, माझ्या कापडाच्या कातरीने या घरात दुधाची पिशवी कापली जाते. मी विचारते तेव्हा कुणीच कापलेली नसते. पात्याला सायीचा वास येतो आणि कुणीच कापलेली नसते! मग तलम सुती कापड ती कातर चावते, कापत नाही. याच घरात मला "एवढं आल्टर करून दे ना, एकच तर टीप मारायची आहे" असंही म्हणतात. एक टीप. बॉबिन भरा, दोरा बदला, सुई बदला, उसवा, प्रेस करा, मग ती एक टीप.

आणि ती चकचकीत व्हिडिओतली मुलगी, जिच्या टेबलावर कधीच वरणाचं पातेलं नसतं. "आधी मांजरपाटावर ट्रायल नक्की करा हं, मैत्रिणींनो." अगं बाई, करतं कोण?

हं. तर... इथे जरा आवाज खाली आणते. ही ट्रायल मी स्वतः मागच्या महिन्यात भिशीत सगळ्यांना पाऊण तास समजावून सांगितली होती. मांजरपाट किती स्वस्त, अर्धा दिवस घालवला की पुढचं रडगाणं टळतं वगैरे. कपाटात तीन मीटर धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं मांजरपाट आहे. धुऊन, इस्त्री करून! ते काढलं नाही, कारण चार वर्षं शिवणाऱ्या बाईला कशाला लागतंय.

एवढ्यात आई पाणी प्यायला उठली. तुकडे उचलले, चष्मा वर सरकवून त्या कागदाकडे बघितलं आणि दोन सेकंदांत म्हणाली, "अगं, ही तीन भोकं एका अंतरावर आहेत. कसर काय पट्टी घेऊन बसते का?"

मी गप्प.

"मग आता मधे दोन पट्ट्या लाव, काजं-बटणं कर. उरलेल्या चिंध्यांत पट्ट्या निघतील."

म्हणजे बाजूला जी धातूची चेन लावायची होती, जिच्यासाठी मी उन्हात बोहरी आळीत सात दुकानं फिरले, ती आता ड्रॉवरमध्ये. आणि ड्रेसला पुढून गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं. खाली भरपूर घेर. सुती कापड, निळ्या चौकटी. इतके दिवस डोळ्यांपुढे पाकिटावरची ती पांढरे हातमोजे घातलेली, नाजूक कंबरेची बाई होती. तयार काय होणार आहे? गाऊन. तोच गाऊन, जो घालून खाली कोथिंबीर आणायला जातात, फार तर वर ओढणी टाकून. मैत्रिणींना सांगून ठेवलंय की दिवाळी पहाटेला घालणार आहे.

आई झोपायला जाताना म्हणाली, काजं मी करते, तुझी काजं वाकडी येतात. तेही खरं आहे, पण आत्ता, या वेळी बोलायची गरज होती का?

मूळ कागदावर आता त्या तिन्ही भोकांना लाल पेनाने गोल केलेत. त्यांच्या खाली, जरा तिरकं, चौथंही एक आहे. कंपनीचं की कसरीचं, देव जाणे. त्यालाही केला गोल.