वेस्टफॉलच्या गवंड्यांचा चुकारा

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन कॉम्प्युटर गेम म्हणजे ड्रॅगन, तलवारी आणि रिकामटेकडी पोरं. खाली दात काढणाऱ्या इमोजींची रांग. मी तिथे भांडलो नाही, भांडायचं वय गेलं. पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबलीय, घाईत असाल तर सोडून द्या.

मी चोपडा तालुक्यातला, कापूसवाल्याच्या घरातला. २००४ च्या नोव्हेंबरात हा खेळ आला तेव्हा आमच्याकडे त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. मला तो भेटला २०१० मध्ये, जळगावात कॉलेजला असताना, रूममेटच्या जोडजाड केलेल्या कॉम्प्युटरवर. महिन्याला १५ डॉलर भरायची ऐपत कुणाची? क्रेडिट कार्ड तर आमच्या घरात कुणी डोळ्यानेही पाहिलेलं नव्हतं. कुठल्यातरी परक्या पोराने चालवलेल्या चोरट्या सर्व्हरवर आम्ही खेळायचो. (चूकच होती ती. २०१९ ला 'क्लासिक', म्हणजे जुन्या रूपातला हाच खेळ, आला तेव्हापासून रीतसर पैसे भरतोय.) त्याच २०१० मध्ये खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत ८० लाखही भरत नाहीत. म्हणजे तेव्हा खान्देशापेक्षा ॲझरॉथची वस्ती मोठी होती.

ॲझरॉथ हे त्या जगाचं नाव. दोन मोठे खंड, दोन पक्ष. एकीकडे माणसं, बुटके, एल्फ यांची अलायन्स. दुसरीकडे ऑर्क, ट्रोल, बैलतोंडे टॉरेन यांची होर्ड. रूममेट होर्डवाला. त्याचा ऑर्क ड्युरोटारच्या लाल कोरड्या मातीत हिंडायचा, आणि मे महिन्यात पंखा बंद पडला की तो म्हणायचा, "मी इथंच राहतो, तुला काय वेगळं दिसतंय?" मी माणूस घेतला होता. माणसाची सुरुवात एल्विनच्या जंगलात होते. सगळं हिरवंगार, जवळच स्टॉर्मविंड, पांढऱ्या दगडाची दिमाखदार राजधानी. दहाव्या लेव्हलच्या आसपास कुणीतरी सांगतं, पश्चिमेला जा. जुन्या आवृत्तीत घोडा चाळिसाव्या लेव्हलशिवाय मिळत नाही, त्यामुळे पायीच. नदी ओलांडली की रंगच पालटतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावात शिरताना खिडकीतून येणारा वारा कसा एकदम बदलतो, तसं. पिवळं गवत, मोडकी कुंपणं, ओसाड घरं, मालकाविना उभी शेतं. हे वेस्टफॉल.

रस्त्याच्या कडेला एक बैलगाडीसारखी गाडी उभी. शेजारी फर्लब्रो नावाचा शेतकरी आणि त्याची बायको व्हर्ना. शेत सोडून निघालेत. घोडी ब्लांची उपाशी आहे, तिच्यासाठी आठ मुठी ओट्स आणून दे, असं व्हर्ना म्हणते. तो म्हणतो, घाईत घड्याळ घरातल्या कपाटात राहिलं, तेवढं आणून दे. बास, एवढंच काम. जगाचा संहार टाळणं वगैरे काही नाही. सालदारकी सोडून सुरतेला निघालेली बिऱ्हाडं मी लहानपणी एसटी स्टँडवर पाहिली आहेत. ती अशाच वस्तूंसाठी मागे वळून बघायची.

पुढे साल्डिनचं शेत. त्याच्या बायकोला रस्सा करायचाय: गिधाडाचं मांस, रानडुकराचं नाक, मरलॉक नावाच्या मासेतोंड्यांचे डोळे आणि तीन भेंड्या. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, भेंडीत एवढं सगळं घालायची गरज काय. शेतात यंत्रं फिरतात, पण ती मालकाचं ऐकत नाहीत, माणसावर धावून येतात. आणि सगळीकडे तोंडाला लाल रुमाल बांधलेले डाकू. डेफियास ब्रदरहुड. राजधानीतून फौज काही येत नाही, म्हणून गावकऱ्यांनीच टेकडीवर आपली मिलिशिया, म्हणजे गावफौज, उभी केलीय. तिचा पुढारी सांगतो, डाकूंना मारा, रुमाल जमवा, शेवटी खाणीत शिरून त्यांच्या म्होरक्याचं, व्हॅनक्लीफचं, मुंडकं आणा.

आम्ही पाच जण गेलो. वरून खाण, आत कारखाना, आणि पार शेवटी जमिनीखाली समुद्राचं पाणी, त्यात भलंमोठं जहाज. इतकं काम डाकू करत नाहीत, हे तेव्हा मनात आलं नाही. व्हॅनक्लीफ मेला, आम्ही ओरडलो, खालून घरमालकाने शिव्या घातल्या. टेकडीवर परतल्यावर बक्षीस म्हणून अंगरखा, विजार किंवा काठी यातलं एक मिळतं. मी अंगरखा घेतला.

मेलेल्या व्हॅनक्लीफच्या खिशात एक न धाडलेलं पत्र सापडतं. स्टॉर्मविंडच्या नगर-वास्तुकाराच्या नावाचं. तिथे गेलं की खरी भानगड कळते. ऑर्कांनी युद्धात जाळलेलं स्टॉर्मविंड पुन्हा उभं केलं ते याच व्हॅनक्लीफने आणि त्याच्या गवंड्यांनी. सकाळी मी ज्या दिमाखदार शहरातून निघालो होतो, तेच. काम झाल्यावर सरदारांनी मजुरी दिली नाही. गवंडी उठले, दंगल झाली, एक दगड राणीला लागून ती मेली. मग ते पळाले, आणि पळाले कुठे, तर वेस्टफॉलमध्ये. शहराने पैसे बुडवले आणि किंमत मोजली शेतकऱ्याने. पत्र ज्याच्या नावाचं, तो वास्तुकारही एकेकाळी त्याच गवंड्यांपैकी. तो शहरात राहिला, खुर्ची मिळाली.

कॉलेजात असताना मी हे नुसतं वाचलं. २०१४ ला आमच्या गावात खेडा खरेदीला येणारा एक व्यापारी बारा-पंधरा घरांचा कापूस उचलून गेला आणि परत आला नाही. चुकारा पंधरा दिवसांत देतो म्हणाला होता. आप्पा अजून ती चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात. त्या गणपतीत गावातल्या दोन पोरांनी त्याच्या ओळखीच्या माणसाचं गोदाम फोडायचं ठरवलं होतं, कसंबसं थांबवलं. तेव्हा मला व्हॅनक्लीफ आठवला. आणि अंगरखाही.

आता माझी तक्रार ऐका, कारण मी या खेळाचा भाट नाही. या कथेवर पुढे जी ठिगळं लावली, त्यात सांगितलं गेलं की सरदारांनी पैसे दिले नाहीत, कारण दरबारातली एक उच्चकुलीन बाई त्यांचे कान भरत होती, आणि ती बाई म्हणजे वेष पालटलेली काळी ड्रॅगन ओनिक्सिया. आता बोला! मजुरी बुडवायला ड्रॅगन लागतो होय? माझ्या माहितीतल्या कुणाही व्यापाऱ्याला, मुकादमाला, कंत्राटदाराला आजवर ड्रॅगनची गरज पडलेली नाही. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे भिल्ल मजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, तेव्हा समोर सरळसाधी माणसं होती, वाडे असलेली. एवढी पक्की कथा लिहून लेखकांनी ऐनवेळी सरदारांना सोडून दिलं, हे मला अजून पटत नाही.

आणि खेळाडूला तर पर्यायच नाही. मुंडकं आणा, हेच काम. हिशोब चुकता करा, असं काम कुठेच नाही. माझ्या बॅगेत पुढे हजारो सोन्याची नाणी पडून होती. त्या गवंड्यांची थकबाकी मी एकटा भरून टाकली असती.

२०१० च्या डिसेंबरात 'कॅटाक्लिझम' हा खेळाचा नवा भाग आला, डेथविंग नावाच्या ड्रॅगनने जमीन फाडली, अर्धा नकाशा बदलला. नवं वेस्टफॉल बेघर माणसांनी भरलेलं. फर्लब्रो आणि व्हर्ना गाडीशेजारी मरून पडलेले, ब्लांचीसुद्धा. खेळ तिथे सुरूच होतो पंचनाम्याने. आणि साल्डिनच्या घरात वाढलेली, बेघरांना जेवू घालणारी होप नावाची मुलगी शेवटी सांगते, की ती व्हॅनेसा व्हॅनक्लीफ. बापाला मारताना तिने पाहिलं होतं. ती टेकडी पेटवून देते. पुढे अवघड पातळीवर आपल्याला पुन्हा त्याच खाणीत धाडतात, तिला संपवायला. तिथे मी गेलो नाही. रूममेट हसला, म्हणाला पिक्सेलची दया येते का रे तुला. येते.

२०२० च्या लॉकडाऊनला मी गावी होतो. ओसरीवर कापसाचा ढीग, खरेदी ठप्प, हमीभाव ५,५५० चा आणि विचारणारा कुणी नाही. कापसातले किडे रात्रभर अंगाला चावायचे. मी लॅपटॉपवर क्लासिक लावून नवा माणूस घेऊन वेस्टफॉलात हिंडत होतो. आप्पा खाटेवर पडून बघत होते.

"हाई कोनं वावर शे?"

मी सांगितलं. घोडीचं सांगितलं, रुमालांचं, खाणीचं, स्टॉर्मविंडचं.

"मंग त्या गवंडीस्ना पैसा भेटनात का?"

"नाही."

"आनि तू त्याले मारस?"

मी म्हणालो, खेळात तसंच आहे. ते बराच वेळ गप्प. मग उठून बसले, तंबाखू मळली आणि विचारलं, "त्याले पोरंसोरं व्हतात का?"

म्हटलं, एक मुलगी होती. या जुन्या आवृत्तीत दिसत नाही.

"मंग ती येईच," आप्पा म्हणाले, आणि ढिगावरची ताडपत्री सरकली होती ती नीट करायला उठून गेले.