गोळ्यांबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की गर्भनिरोधक गोळ्या मागितल्यावर रांगेसमोर उलटतपासणी झाली, नेहमीच्या कंपनीऐवजी दुसरीच माथी मारली आणि सहा महिन्यांच्या मागितल्या तर तीनच महिन्यांच्या हातात पडल्या. औषध दुकानाची मालक म्हणून उत्तर देणं माझं काम.

लग्न झालंय का, गोळ्या कुणासाठी, हे आमच्याकडे विचारायचं नाही, असा नियमच आहे. विचारतो ते एवढंच: रक्तदाब किती, सिगारेट ओढता का, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, नुकतंच बाळंतपण झालंय का. तुमच्या गोळीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) आहे. यातलं काही असेल तर त्या गोळीने गुठळीचा किंवा पक्षाघाताचा धोका वाढतो. एरवी हे डॉक्टर बघतात. २०२० च्या कोविड महामारीत दवाखाने बंद होते, तुमची चिठ्ठी जुनी होती, मग बघायचं कुणी? आणि उत्तर ‘हो’ आलं म्हणून कुणाला परत पाठवत नाही. डॉक्टरांना फोन लावतो. इस्ट्रोजेन नसलेली, नुसत्या प्रोजेस्टोजेन या दुसऱ्या संप्रेरकाची गोळी अशा बऱ्याच जणींना चालते.

चारचौघांत बोलावं लागलं, ही तक्रार मात्र रास्त. मध्ये प्लॅस्टिकचा पडदा होता, दोघींच्या तोंडावर मास्क होता. हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं. म्हणून आता हेच प्रश्न छापून काउंटरवर ठेवलेत. खुणा करा, कागद सरकवा, बोलायची गरज नाही.

कंपनी बदलली, औषध नाही. दोन्ही पाकिटांच्या मागे वाचा: लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टोजेन) ०.१५ मिलिग्रॅम, एथिनिल एस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेन) ०.०३ मिलिग्रॅम. जुनं पाकीट तेव्हा पुरवठादाराकडेच नव्हतं. मार्च २०२० मध्ये मलेशियातल्या टाळेबंदीत जगातल्या सर्वांत मोठ्या कंडोम उत्पादकाचे कारखाने बंद पडले. जगातल्या दर पाच कंडोमपैकी एक तिथला. तिथे ही गत, तर आमच्या फळीवर गोळ्या कुठून येणार होत्या? तीन महिन्यांची मर्यादाही त्यामुळेच होती. तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईलाही गोळी लागतेच.

आता तुमचं शेवटचं वाक्य: “यांच्या नादी लागण्यापेक्षा दर वेळी तातडीची गोळी घेतलेली बरी.” हे वाचून कुणी तसं करू लागलं तर पंचाईत होईल. ती गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते; ते आधीच पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. अडीनडीला जरूर घ्या, आमच्याकडे मिळते. पण रोजच्या गोळीइतका भरवसा तिचा नाही. रोजच्या गोळ्या लागोपाठ दोन चुकल्या, तर पुन्हा सुरू करून सलग सात दिवस होईपर्यंत कंडोम वापरा.

तारा एकच राहू द्या, हरकत नाही. ते वाक्य तेवढं काढा.