बाईच्या तोंडचा विनोद

फेब्रुवारी २०२५मध्ये एका यूट्यूब कार्यक्रमात आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून अचकट प्रश्न विचारला गेला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले : एकाला संस्कृतीची काळजी, दुसऱ्याला अभिव्यक्तीची. इथे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये ते वाचताना मला आठवत होता जुलै २०२०. शिवस्मारकावरच्या एका जुन्या विनोदावरून अग्रिमा जोशुआ या स्टँड-अप करणाऱ्या मुलीला तेव्हा बलात्काराच्या धमक्या आल्या होत्या. पुरुष विनोदवीर चुकला की त्याच्या विनोदावर चर्चा होते. बाई चुकली की थेट तिच्या शरीरावर येतात. या फरकाबद्दल दोन्ही तटांतलं कुणी बोललं नाही, याचा मला राग आहे.

इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं स्टँड-अप पाहायला लागल्यापासून तो फरक मला सतत दिसतो. मॉम्स मॅब्लीच्या जुन्या फिती पाहा. गबाळा झगा, लोंबती टोपी, तोंडाचं बोळकं झालेलं. काळ्यांच्या थिएटरांतून वर्षानुवर्षं कामं करत ती १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलपर्यंत पोचली. गोऱ्या समाजाने काळ्या बाईला दोनच साचे दिले होते : मायाळू दाई, नाहीतर कामातुर बाई. मॉम्सने पहिल्याचा वेश घेतला आणि दुसऱ्याची वासना स्वतःची म्हणून बोलून दाखवली. म्हातारे नकोत, तरणे पाहिजेत! वडिलांना पसंत पडला म्हणून मला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलं, असं ती सांगायची आणि थिएटर हसून लोळायचं.

जरठ-कुमारी विवाहावर आपण ‘संगीत शारदा’ केलं, १८९९मध्ये. मोठं नाटक, त्याने समाज हलवला. पण ते लिहिलं देवलांनी, आणि पुढे त्यातली शारदा गाजवली बालगंधर्वांनी. खऱ्या बाईने मंचावर उभं राहून, स्वतःच्या शब्दांत त्या म्हाताऱ्याची टिंगल करायची, हे आपल्या रंगभूमीला तेव्हा सुचणं अवघड होतं.

मॉम्सलाही सगळं बोलता आलं नाही. रंगमंचाबाहेर ती पुरुषी सूट घालायची, तिचं प्रेम बायकांवर होतं, सोबतच्या कलाकारांत ती ‘मिस्टर मॉम्स’ होती. प्रेक्षकांसमोर मात्र तरण्या पोरांचाच जप. ती १९७५मध्ये गेली.

नोव्हेंबर २००८मध्ये वांडा साइक्स या कृष्णवर्णीय विनोदवीर बाईने समलिंगी विवाहाच्या हक्कासाठीच्या लास वेगासच्या मोर्चात आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. पुढच्याच वर्षीच्या कार्यक्रमात ती म्हणते, काळी असणं घरी सांगावं लागलं नाही, समलिंगी असणं सांगावं लागलं. मग ती दुसरंच दृश्य उभं करते : मुलगी आईबापांसमोर बसून रडवेल्या आवाजात सांगतेय, आई, मी काळी आहे. आई देवाचा धावा करते, आपलंच कुठे चुकलं ते शोधते, मुलीला टीव्हीवर काळ्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम बघू दिला म्हणून स्वतःला दोष देते. गोऱ्यांच्या जगाने ज्या रंगावरून छळलं, तो रंग आणि आपल्याच घरातलं, चर्चमधलं अवघडलेपण तिने एका वाक्यात समोरासमोर बसवलं. आपल्या माणसांना असं आतून बोलायला मोठी हिंमत लागते, आणि प्रेमही.

आपल्या टीव्हीवर आजही लुगडं नेसलेला पुरुष दिसला की हशा हमखास. काही मराठी मुली मंचावर पाळी, नवरा, शरीर यांवर बोलू लागल्या आहेत. त्यांच्या व्हिडिओखाली विनोदाविषयी थोडं आणि त्यांच्या चारित्र्याविषयी फार लिहिलं जातं. खरं तर आपल्या बायकांना हा विनोद नवा नाही. मंगळागौरीच्या जागरणात सासू-नणंदेची साग्रसंगीत खिल्ली उडते, आणि पुरुष झोपले की नवऱ्यांचीही. माझ्या आत्याने एकदा अशा रात्री जे ऐकवलं होतं, ते कुठल्याही क्लबात वाजलं असतं. तेच एखाद्या मराठी बाईने गडकरी रंगायतनच्या मंचावर, पहिल्या रांगेत दीर आणि सासरे बसलेले असताना, स्वतःच्या नावाने सांगावं. तिकीट काढून यायची माझी तयारी आहे.