‘दोन भोकांना नऊ दिवस’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की स्टिअरिंग बॉक्सला दोन भोकं पाडून आटे मारायचे, एका तासाचं काम, त्याला आम्ही नऊ दिवस लावले, साडेसहा हजार घेतले, शनिवारी फोन उचलला नाही आणि शेवटी ऑफ-रोड इव्हेंटच्या आदल्या दिवशी बॉक्स गळला. फोन उचलला नाही हे खरं आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. इव्हेंट हुकला याचंही फार वाईट वाटलं, कारण गाडीवर तुमचा किती जीव आहे ते मी बघितलंय.

पण ‘एका तासाचं काम’ हे वाचून रात्रभर झोप आली नाही. उद्यमनगरात वडिलांच्या काळापासून आमचं दुकान आहे, या कामाची चौकशी करायला कोल्हापूरबाहेरूनही लोक येतात आणि आता सगळ्यांना आधी तुमचं हे वाक्य दिसतं. त्यामुळे नऊ दिवसांत काय झालं ते सगळं लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जीपला 37 इंची टायर घातले आणि ती दगडात, चिखलात घातली की नुसत्या पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सला चाकं वळवणं झेपत नाही. मग अ‍ॅक्सल आणि टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) मध्ये एक हायड्रॉलिक रॅम, म्हणजे तेलाच्या दाबानं ढकलणारा दांडा, बसवतात आणि त्याला तेल त्याच बॉक्समधून देतात. बॉक्सच्या आत पिस्टन असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खण. उजवीकडे वळवलं की एका खणात प्रेशर येतं, डावीकडे वळवलं की दुसऱ्यात. या दोन खणांत एकेक भोक पाडायचं. त्यांत शंभर बारच्या (हवेच्या दाबाच्या शंभरपट) आसपास दाबानं तेल येणार असतं, ही गोष्ट साधी नाही.

बॉक्स मंगळवारी दुपारी आला. तो तुम्ही भंगारातून घेतलेला जुन्या ट्रकचा बॉक्स होता. त्यात गैर काही नाही, आम्हीही असे बॉक्स वापरतो. संध्याकाळी उघडला तर आत तेल डांबरासारखं काळं आणि पिस्टनवरची टेफ्लॉन रिंग एका जागी कापलेली. त्याच वेळी तुम्हाला फोन करून सांगितलं की सील किट (आतल्या रिंगा आणि सील) बदलल्याशिवाय भोकं पाडण्यात अर्थ नाही, रॅम लावला तरी तेल आतल्या आत पलीकडे पळणार. तुम्ही ‘बदला’ म्हणालात. किट कोल्हापुरात नव्हतं, बुधवारी मागवलं ते शुक्रवारी संध्याकाळी हातात आलं. तोवर बॉक्स परत बांधता येत नव्हता, आणि अभिप्रायात याचा एक शब्दही नाही, याचं दुःख झालं.

बुधवारी बॉक्स पूर्ण खोलला. आतले छोटे पोलादी बॉल सुटले की ते मोजून वाटीत ठेवावे लागतात, एक जरी इकडंतिकडं झाला तरी चालत नाही. तुम्ही मला दाखवलेल्या व्हिडिओत बॉक्स न उघडता, ड्रिलला ग्रीस फासून सरळ भोक पाडतात. ग्रीस धातूचा बराचसा कीस धरतं हे खरं, पण सगळा नाही. उरलेला एखादा कण तेलाबरोबर व्हॉल्व्हपर्यंत गेला आणि तिथं अडकला, तर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढायला लागतं. साहेब, ते दगडावर झालं तर गाडी थांबवता येईल, कड्याच्या कडेला झालं तर? मला असं काम करता येत नाही.

मग पिस्टन रिकाम्या बॉडीत घालून एका लॉकपासून (स्टिअरिंग पूर्ण वळल्यावरचं टोक) दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवला आणि रिंग दोन्ही टोकांना कुठवर येते ते बाहेरून खडूनं आखून घेतलं. भोक त्या रेघेच्या पलीकडेच हवं. अलीकडे पडलं तर रिंग दर वळणाला भोकाच्या कडेवरून घासत जाणार आणि महिनाभरात पुन्हा कापणार. तुमच्या बॉक्सच्या एका टोकाला जागा फार कमी होती. तिथं आतलं तोंड साडेपाच मिलिमीटरचंच ठेवलं आणि आटे फक्त बाहेरच्या जाडीत मारले. ओतकाम आहे, एकदा जास्त गेलं की ते परत भरून येत नाही. गुरुवारी ड्रिल मारलं. दोन भोकांना वेळ किती लागला म्हणाल तर पाऊण तास. म्हणजे तासाभराचं काम तासाभरातच झालं. पण भोकाची आतली धार खरवडून काढायला, करंगळीचं टोक फिरवून बघायला आणि पुन्हा खरवडायला त्यापेक्षा जास्त वेळ गेला. शुक्रवारी सगळे भाग डिझेलनं तीन वेळा धुतले, मार्ग हवेनं फुंकले.

शनिवारी बेंदूर होता. आमच्याकडचे दोघेही पोरगे शेतकऱ्याघरचे, बैलांच्या सणाला त्यांना थांबवून घेणं मला जमत नाही. मीही गावाकडं गेलो होतो आणि फोन घरीच राहिला. ही चूक माझी. रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी नवीन किट घालून बॉक्स बांधला, मोटरवर पंप जोडून दोन्ही लॉकला प्रेशर दिलं आणि रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवला. सकाळी कागदावर रुपयाएवढा डाग. तेलाचे होज जोडायला भोकांत बसवलेल्या तुकड्यांपैकी एका अ‍ॅडॉप्टरखालची जागा केसभर तिरपी राहिली होती. त्या दिवशीही बॉक्स देता आला असता, तुम्हाला दिसलाही नसता तो डाग. पण पुन्हा खोलला, जागा सरळ केली, वॉशर बदलला, पुन्हा धुतला, पुन्हा प्रेशर, पुन्हा रात्रभर कागद. बुधवारी कागद कोरडा निघाला तेव्हाच तुम्हाला फोन केला.

साडेसहा हजारांत सील किट धरलेलं आहे. बिल तुमच्याकडं आहे.

आता गळतीबद्दल. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला. बॉक्सवर पितळी निपल (होज जोडायचा आटेदार तुकडा) दिसतोय. मी दोन स्टीलचे अ‍ॅडॉप्टर बसवून दिले होते, सरळ आट्याचे, खाली डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेला सीलचा वॉशर) घातलेले, आणि ते काढू नका असं सांगितलं होतं. तुमच्या रॅमच्या किटमधले निपल अमेरिकी मापाचे, एनपीटी म्हणतात ते, इंचाला 18 आटे आणि निमुळते. मी मारलेले आटे पाव इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, इंचाला 19. एकमेकांत दोन-तीन फेरे आरामात जातात, मग घट्ट होतात आणि बसले असं वाटतं. ते बसत नाहीत. उलट निमुळता निपल जोरानं आवळला तर ओतकाम तडकू शकतं. तुमच्या होजला माझा अ‍ॅडॉप्टर जुळत नव्हता, तर एक फोन करायचा होता. जोडणारा तुकडा गावात दोनशे-तीनशेला मिळतो, मीच पाठवला असता. रागानं नाही म्हणत. आमच्या कामाला गळतं म्हणून नाव पडलं, म्हणून सांगावं लागलं.

गाडी इव्हेंटला ट्रेलरवरूनच न्यायची असं आम्ही लिहून घेतलं त्याचाही तुम्हाला राग आलाय. ते प्रत्येकाकडून घेतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार रस्त्यावरच्या गाडीत नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल सहसा चालत नाही, आणि असं काम रस्त्यावरच्या गाडीला मी करतही नाही.

हा अभिप्राय आल्यापासून दोघांनी ठरलेलं काम रद्द केलं. रेडियल ड्रिलचे हप्ते अजून चालू आहेत. तुम्हाला दोष देत नाही, पण एका वाक्यानं काय होतं ते कळावं.

पुढं काम लांबणार असेल तर गिऱ्हाइकाला रोज कळवायचं असं ठरवलंय, फोटोही पाठवू, आणि सुट्टीचं काहीतरी करू.

बॉक्स परत पाठवा. तो निपल आता काढूही नका आणि अजून आवळूही नका, तसाच राहू द्या. आटे खराब झाले असतील तर बघून दुरुस्त करतो, मजुरी घेणार नाही. फक्त तडा गेलेला निघाला तर बॉडी बदलावी लागेल, तिचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. शुक्रवारपर्यंत आला तर सोमवारी कागदावर ठेवतो.