टोपणं काढायची हत्यारं

मध पिकला की माश्या पोळ्याच्या एकेका घरावर मेणाचं पातळ टोपण बसवतात. पिकला म्हणजे पंख हलवून हलवून त्यातलं जादा पाणी उडवलेलं असतं. आता तो सहजासहजी आंबत नाही. एवढ्या निगुतीनं केलेलं पॅकिंग फोडायचं कशानं, यावर दोन मधपाळांचं एकमत मी अजून ऐकलेलं नाही. आमच्या घरात तर मधपाळ एकच आहे, तरी मतं चार आहेत.

मध काढायच्या यंत्राचा प्रश्न १८६५ सालीच मिटला. ऑस्ट्रियाच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या ह्रुश्का नावाच्या गृहस्थांनी पोळ्याच्या लाकडी चौकटी गरगर फिरवून मध बाहेर काढून दाखवला, पोळं शाबूत ठेवून. यंत्रात जाण्याआधी टोपणं मात्र ज्याची त्यानं काढायची. निवृत्त माणसानं काम अर्धवट सोडलं की पुढच्या पिढ्या भोगतात.

बाजारात साधनांना तोटा नाही. एक काटेरी रोलर मिळतो. तो टोपणांना नुसती भोकं पाडतो आणि घट्ट मध त्या भोकांतून यायला खळखळ करतो. विजेवर तापणारी सुरी मिळते. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे ही लोण्यातून चालावी तशी चालते, पण एका जागी रेंगाळली की मध करपतो. शिवाय तिला वीज लागते, आणि जावळीच्या आमच्या सासुरवाडीला वीज जावयासारखी येते: मनात येईल तेव्हा, आणि जाताना न सांगता. गरम हवेची बंदूकही काहीजण वापरतात. ती मुळात भिंतीचा जुना रंग खरवडणाऱ्यांची. तिनं टोपणं जागीच वितळतात, म्हणजे टोपणांचं मेण हाती लागत नाही, आणि सगळ्यात स्वच्छ मेण तेच असतं. असला उधळेपणा आमच्या सासूबाईंसमोर करायची माझी छाती नाही.

मग राहतो काटा. दिसायला कंगवा, किंमत मात्र कंगव्याची नाही. सुरी जिथं पोहोचत नाही अशा खोलगट घरांसाठी काटा उत्तम, हे मी शपथेवर सांगेन. फक्त घेताना त्याचे दात एकेक करून हलवून बघावेत. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावा. सैल दात मधात पडला आणि बरणी पाहुण्यांकडे गेली, तर पुढचं लग्नकार्य आपल्याशिवाय पार पडतं. सुरीची मूठही अशीच पारखावी. लाकडी मूठ गरम पाण्यात बुडून बुडून ढिली होते आणि फटीत मध शिरतो. तो मग मुंग्या काढतात.

एवढा अभ्यास करून मी एक खास आयात केलेली, हातभर लांब सुरी घेतली. गावातले तात्या आयुष्यभर सातेरी, म्हणजे आपल्या देशी माश्या पाळत आले आहेत. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"सायेब, लढाई कुटं हाय?"

तात्यांचं बरोबर होतं. ही सगळी हत्यारं मेलिफेरा या विलायती माशीच्या मोठाल्या चौकटींच्या मापानं घडवलेली. आमच्या सातेरीच्या मधकोठीची चौकट वीतभर लांब आणि जेमतेम चार बोटं उंच. तिच्यावर ही सुरी चालवायची म्हणजे आधी शेजारच्याला सरकायला सांगावं लागतं.

आणि सरकायला जागा कुठली? जांभळाचा मध काढायचा तो पावसाच्या आधी, ऐन उकाड्यात, दारं-खिडक्या घट्ट लावून. एक खिडकी किलकिली राहिली तरी वास लागून माश्या आपला माल परत न्यायला येतात. मध पातळ राहावा म्हणून पंखाही बंद. अशा खोलीत घामानं निथळत मी, सौ., मेव्हणा आणि गरम पाण्याचं पातेलं.

"अहो, सुरी पुसा आधी!" दर वेळी सौ. ओरडते, आणि तिचं ओरडणं रास्त असतं. सुरी गरम पाण्यातून काढून कोरडी न करता चालवली तर तेच पाणी मधात उतरतं आणि माश्यांची सगळी मेहनत वाया जाऊन मध आंबतो. म्हणून सुऱ्या दोन हव्यात: एक पातेल्यात, एक हातात. पुसायचं फडकं तिसऱ्याच्या हातात. मेव्हण्याचा खरा उपयोग इथं होतो.

शेवटी टिकली ती स्वयंपाकघरातली दातेरी, फळं कापायची सुरी. पातं चार बोटांहून थोडं लांब, मूठ अखंड, धार दाबावी न लागेल एवढी. चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर टेकवून हलक्या हातानं करवतीसारखी ओढली की मेणाचा पापुद्रा अलगद सुटतो. तसली दुसरीही लगेच आणली. पण तेव्हापासून दोन्ही सुऱ्यांवर माझा हक्क आहे असं मी समजतो आणि सौ. समजत नाही. आंब्याचा आणि मधाचा हंगाम एकच पडावा, ही निसर्गाची योजना मला मान्य नाही.

वाटाघाटीत तिनं माझी तलवार मागून घेतली. तेल लावून तिनं कापा फणस उभा चिरला, एका ओढीत, चीक न चिकटता. आता आळीतल्या बायका ती मागायला येतात. परवा एकीनं मला दारातच विचारलं, "भाऊजी, फणसाची सुरी कुठून आणलीत हो? अगदी खात्रीची आहे."

मी दुकानाचा पत्ता दिला.