अस्सल अमेरिकन गाडी काढायचीय? आधी ॲडलेड गाठा

अस्सल अमेरिकन सेडान बाजारात आणायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून ऊर भरून आला. चार दारं, बॉनेटखाली गुरगुरणारं आठ सिलिंडरचं व्ही8 इंजिन, सगळी ताकद मागच्या चाकांना. उत्तम बेत आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शेवरोले एसएस नावाची अशीच गाडी विकली होती, तिचाच कित्ता गिरवू. तर पहिली सूचना अशी, की डेट्रॉइटमध्ये कुणाकडेही चौकशी करू नका. तिथल्या मंडळींनी 1980च्या दशकातच आपल्या बहुतेक सेडान पुढच्या चाकांवर चालवायला घेतल्या. व्ही8 आणि मागच्या चाकांची शेवटची शेवरोले इम्पाला एसएस टेक्सासच्या आर्लिंग्टन कारखान्यातून 1996 साली बाहेर पडली. मग त्याच कारखान्यात धिप्पाड एसयूव्ही निघू लागल्या, कारण नफा तिकडे होता. आता तिथे जाऊन सेडानचं नाव काढाल तर चहासुद्धा मिळणार नाही.

तेव्हा सरळ ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढा. तिथे जनरल मोटर्सचंच एक लांबचं लेकरू होतं, होल्डन. 1856 मध्ये ॲडलेडला खोगिरं बनवत सुरू झालेली ही कंपनी 1931 मध्ये जनरल मोटर्सच्या घरात आली. मागच्या चाकांचा जमाना संपला, हे तिथल्या इंजिनिअरांना बहुधा कुणी कळवलंच नाही. लांबच लांब रस्ते, मागे ओढायला ट्रेलर आणि दरवर्षी बाथर्स्टच्या शर्यतीत फोर्डशी हाडवैर. त्यामुळे ही माणसं मोठ्या, दणकट सेडानच करत बसली. कमोडोर ही त्यांची मोठी सेडान. आधीच्या कमोडोरांना ओपेलचा जर्मन सांगाडा होता. 2006 ची व्हीई कमोडोर मात्र त्यांनी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च करून पायापासून स्वतः बांधली. खर्च त्यांनी केला, मेहनत त्यांनी केली. बिल्ला लावायचं अवघड काम तेवढं तुमच्याकडे राहिलं.

गाडी हातात आली की दोन सीटांमध्ये नजर टाका. हँडब्रेक वेगळा उभा दिसणार नाही. तो कन्सोलच्या कडेतच असा बेमालूम बसवलाय की पहिल्यांदा बसणारा कन्सोलच उपटतोय की काय असं वाटावं. खिडक्यांची बटणंही दारावर नाहीत, मधोमध आहेत. स्टिअरिंग डावीकडे न्या की उजवीकडे, शक्य तितके भाग तेच राहावेत, म्हणून हा खटाटोप. म्हणजे गाडी कागदावर होती तेव्हाच या लोकांनी परदेशातल्या चालकाचा विचार करून ठेवला होता. तुमच्या जाहिरातीत याचा उल्लेख चुकूनही नको. गिऱ्हाईक दारावर बटणं चाचपत बसलं तर बसू द्या.

(याआधी होल्डनची मोनारो अमेरिकेत आणून, जनरल मोटर्सच्याच पॉन्टियॅक या ब्रँडचा बिल्ला लावून, तिला 2004 मध्ये पॉन्टियॅक जीटीओ म्हटलं होतं. अमेरिकन नियमांपायी तिची पेट्रोलची टाकी उचलून डिकीत आणावी लागली. सामान कुठे ठेवायचं, हे विचारणारा माणूस मुळात जीटीओ घेत नाही, असं समजून पुढे चला.)

आता मुहूर्त. तो फार महत्त्वाचा. पॉन्टियॅकचा बिल्ला लावलेल्या व्हीई कमोडोरने, म्हणजे पॉन्टियॅक जी8 ने, 2008 चा साधला. जीटी मॉडेलला 361 अश्वशक्ती, पुढे आलेल्या जीएक्सपीला 415. त्याच जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं आणि सप्टेंबरात बँका कोसळल्या. एप्रिल 2009 मध्ये पॉन्टियॅक हा ब्रँडच बंद करायचं जाहीर झालं आणि 1 जूनला खुद्द जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. पण खचू नका. या गाड्या अमेरिकेत आणण्याचा ध्यास घेतलेले जनरल मोटर्सचे बडे अधिकारी बॉब लुट्झ यांनी जुलैत जाहीर केलं की जी8 आता शेवरोले कॅप्रिस म्हणून परत येणार. काही दिवसांतच वरिष्ठ फ्रिट्झ हेंडरसन यांनी त्यावर बोळा फिरवला.

कॅप्रिस आली, पण पोलिसांसाठी. 2011 पासून लांब व्हीलबेसची होल्डन अमेरिकेतल्या पोलीस खात्यांना विकली जाऊ लागली. नागरिकाला शोरूममध्ये ती मिळत नव्हती. फारच हौस असली तर एखादा किरकोळ गुन्हा करायचा, मागची सीट फुकट.

नागरिकांना शेवरोलेच्या बिल्ल्याची कमोडोर मिळायला 2013 उजाडलं. इथे नाव ठेवण्याची कला शिकून घ्या. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट. 1961 पासून शेवरोले ही अक्षरं आपल्या वेगवेगळ्या गाड्यांच्या तिखट मॉडेलांना लावत आली. या गाडीचं अख्खं नावच त्यांनी एसएस ठेवलं. मुलाचं बारसं करून त्याचं नाव नुसतं ‘चिरंजीव’ ठेवावं, तसं. मग गिऱ्हाईक विचारतं, ‘कुठली एसएस?’ आणि सेल्समन त्याला कमॅरो या शेवरोलेच्याच स्पोर्ट्स कारकडे घेऊन जातो. ती कमॅरोही याच ऑस्ट्रेलियन सांगाड्यावर उभी असायची, पण एवढं खोलात कोण जातं?

बाकी गाडीत खोट काढायला जागा नव्हती. 6.2 लिटरचं एलएस3 इंजिन, 415 अश्वशक्ती, थांबलेल्या अवस्थेतून ताशी 60 मैलांवर पाच सेकंदांच्या आसपास. 2015 पासून सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळू लागला. एवढं सगळं तुमच्याकडे असेल तर धोका ओळखा: लोक विकत घेऊ लागतील. उपाय सोपा आहे. जाहिरात जवळपास करूच नका. रूप असं ठेवा की शेजाऱ्याला शेवरोलेचीच साधी, भाड्याची मालिबू वाटावी. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींमध्ये हेच नाव मिरवा, 2013 ची डेटोना 500 जिमी जॉन्सन याच नावाच्या गाडीत जिंकू दे. फक्त पाहणाऱ्याला ही शोरूममध्ये मिळते याचा पत्ता लागू देऊ नका. एवढी दक्षता घेतल्यावर चार मॉडेल-वर्षांत मिळून जेमतेम 13 हजारांच्या आत गाड्या खपल्या.

चलनाचंही भान ठेवा. ऑस्ट्रेलियन डॉलर 2001 मध्ये अमेरिकेच्या पन्नास सेंटांना मिळत होता, तेव्हा हा सगळा व्यवहार कसा झकास दिसत असेल! 2011 मध्ये तोच अमेरिकेच्या 1.10 डॉलरवर गेला. ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ कारखान्यात गाडी तीच, बोटीचा प्रवास तोच. फक्त फायदा वाटेत समुद्रात पडला. 20 ऑक्टोबर 2017 ला तो कारखाना बंद झाला. आणि 2020 मध्ये होल्डन हे नावही गुंडाळत असल्याची घोषणा झाली. तुम्ही त्या वर्षी ‘हिला पर्याय काय?’ असं विचारू नका, लोक हसतील.

आता एखादा खवचट माणूस म्हणेलच, की ही तुमची अमेरिकन गाडी मुळात ऑस्ट्रेलियन. घाबरू नका, त्याला 1948 ची आठवण करून द्या. पंतप्रधान बेन चिफली यांनी ज्या पहिल्या होल्डनचं ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी’ म्हणून अनावरण केलं, तिचा मूळ आराखडा डेट्रॉइटने शेवरोलेसाठी काढून नंतर बाजूला टाकलेला होता.

एवढं ऐकूनही तो गप्प बसला नाही आणि पेट्रोल पंपावर गाडीकडे बोट दाखवून ‘मालिबू का हो ही?’ म्हणाला, तर हो म्हणून टाका. खरं सांगत बसलात तर मागची रांग हॉर्न वाजवायला लागेल.